प्रधानाघरची पेइझेन

मेंग पेइझेन लग्न होऊन बेइतांगात आली त्या दिवशी सासऱ्यांनी तिला आधी घर दाखवलंच नाही, मळा दाखवला. थंडीचे दिवस होते. मूदानच्या झुडपांवर पान नाही, फूल नाही, नुसत्या करड्या काटक्या. पण म्हातारे गाओ एकेका काटकीपुढं थांबून पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे सांगत होते. "हा याओंचा पिवळा. याच्यापुढं बाकी सगळे पाणी भरतात. हा वेइंचा जांभळा. फूल इतकं भरगच्च की आत बोट शिरायचं नाही. ह्या दोघी बहिणी. एकाच झुडपावर एक फूल गुलाबी, एक जांभळं, आणि लहर लागली तर एकाच फुलात अर्धं अर्धं. आणि ही शेंगहिरवी. सगळ्यांच्या मागून फुलते आणि फुलली की मान खाली घालते. नव्या सुनेनं घालावी तशी."

नव्या सुनेनं मान वर केली आणि विचारलं, "आणि शाओयाओ कुठं लावलीय?"

"ती कुंपणाबाहेर," सासरे म्हणाले.

ते कुंपण पेइझेन पुढं आयुष्यभर विसरली नाही आणि तिनं गाओ घराण्याला विसरू दिलं नाही.

कारण ती शाओयाओवाल्यांची लेक. त्साओझौच्या आमच्या गावांमध्ये मूदान म्हणजे फुलांचा राजा आणि शाओयाओ म्हणजे त्याचा प्रधान. शहरातली माणसं एकीसमोर उभं राहून फोटो काढतात आणि खाली दुसऱ्याचं नाव लिहितात, इतकी फुलं सारखी. पण मूदानला खोड असतं. थंडीतही ते जागेवर उभं असतं, फक्त कपडे उतरवून. शाओयाओचं तसं नाही. ती वसंतात जमिनीतून लाल कोंब काढून वर येते, मूदानच्या पाकळ्या गळून मातीला मिळाल्या की मग फुलते, आणि शरद ऋतूत वरचं सगळं वाळवून नाहीशी होते. थंडीत तिच्या वाफ्यावरून चालत गेलात तरी कळायचं नाही की खाली कुणी राहतं. बोझौला, पेइझेनच्या माहेरी, मैलोनमैल शाओयाओच. तीही फुलांसाठी नाही, औषधी मुळांसाठी. तिचे वडील तर कळ्या दिसल्या की खुडून टाकायचे. फूल म्हणजे मुळाच्या ताटातला घास पळवणारं, असं त्यांचं मत. म्हणून पेइझेन लहानपणी फुलांच्या देशात राहून फुलांवाचून वाढली.

आता राजाच्या गावात प्रधानाची लेक आली कशी? तर कलमांमुळं. मूदानची डहाळी शाओयाओच्या मुळावर बांधली की जोमानं धरते. म्हणून गाओ बापलेक दर शरदात बोझौला मुळं विकत घ्यायला जायचे. एके वर्षी धाकटे गाओ, म्हणजे तिंगयू, मुळांच्या ढिगापाशी बसले ते उठेचनात.

"मुळं निवडायला एवढा वेळ?" पेइझेननं विचारलं होतं.

"मुळं कुठं निवडतोय मी," तिंगयू म्हणाला आणि मानेपर्यंत लाल झाला.

लग्नानंतर गावच्या बायकांनी तिला चिडवायची एक संधी सोडली नाही. राजाच्या घरात प्रधान आला, आता राज्य कुणाचं? पेइझेनचं उत्तर ठरलेलं. "राजा कुणाच्या पायावर उभा आहे ते जरा उकरून बघा." आणि ती बोलून थांबली नाही. शाओयाओच्या मुळाला चीर कशी द्यायची, डहाळीची पाचर किती उतरती हवी, तागाचा दोरा किती आवळायचा, चिखल कुठवर माखायचा, हे सासऱ्यांकडून शिकली आणि सासऱ्यांच्या पुढं गेली. तिच्या हातचं कलम फुकट जात नाही, असं लोक म्हणायला लागले. म्हातारे गाओ उघड कधी कबूल झाले नाहीत, पण शेवटच्या दिवसांत कलमांचा चाकू धुवून पुसून तिच्या उशाशी ठेवून गेले. त्यात काय ते आलं.

पेइझेनच्या मनात मात्र ते कुंपण सलत होतं. राजा आणि प्रधान यांची सोयरीक का होऊ नये?

गावातल्या जुन्या जाणत्यांनी हात टेकले होते. एक तर दोघांची गाठच पडत नाही. मूदानचा मोसम संपतो तेव्हा कुठं शाओयाओच्या कळ्या फुगायला लागतात. कुणी खटपट करून पराग राखून ठेवले आणि लावले, तरी बी धरतं ते पोकळ. बोटांत दाबलं की चपटं होतं. सासरे हे सगळं सांगून वर हसले होते. "देवानंच कुंपण घातलंय, पोरी. गाओंचं नाव कशाला घेतेस?"

पोरगी कामाला लागली.

पराग हवा याओ पिवळ्याचा, हे तिचं ठरलेलं होतं. पण जून झाडावर याओ पिवळा फुलतो तो मुकुटासारखा, पाकळ्यांवर पाकळ्या, आतले परागाचे तंतूसुद्धा पाकळ्याच होऊन बसलेले. तिथं पराग शोधणं म्हणजे टकलावर केस शोधणं. मग तिच्या ध्यानात आलं की कोवळ्या कलमाचं पहिलंवहिलं फूल वेगळंच असतं. दोन चार पातळ पाकळ्या, आणि मधोमध पिवळ्या तंतूंचा झुपका. याओ पिवळा आहे म्हणून कुणाला सांगितलं तर तो पैसे परत मागेल. म्हणून आमच्या गावात असलं फूल दिसलं की लोक आजूबाजूला बघून हळूच खुडून टाकतात. घरातली उणीदुणी झाकावी तसं. पेइझेन म्हणायची, "राहू द्या, मी खुडते." आणि खुडलेली फुलं एप्रनच्या खिशात टाकून घरी न्यायची. पराग कागदावर वाळवायची, पुडी चहाच्या डब्यात, डबा तांदळाच्या माठात. कुंपणाबाहेरची पांढरी शाओयाओ उमलायच्या बेतात आली की डबा बाहेर निघायचा. मग कुंचला, मग फुलावर कागदाची टोपी. कुणी विचारलं तर म्हणायची, मधमाश्या फार त्रास देतात.

किती वसंत असे गेले ते तिनं मोजले नाहीत. बी यायचं, दाबलं की चपटं. पुढच्या वर्षी पुन्हा. तिंगयूला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. तो वाईट माणूस नव्हे. पण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत चौकातल्या मटणरश्श्याच्या दुकानात लोक वाट्या बाजूला ठेवून तिच्यावर हसले असते.

आणि मग एका वर्षी एक बी दाबलं गेलं नाही. तिनं पुन्हा दाबलं. दातानं हलकेच चावून बघितलं. टणक.

ते बी रुजलं. स्वयंपाकघरामागं, कोळशाच्या ढिगाशेजारी तिनं त्याला जागा दिली. पान आलं ते थेट मूदानचं, तीन बोटांचं, जाडसर. तिंगयूनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "याओ पिवळ्याचं बी पडलं असेल. उगवलंय." खोटं नव्हतं, अर्धं होतं. शरदात पानं पिवळी पडायच्या आत ती रोपावर गवताची निमुळती टोपी बांधायची आणि वसंतात कोंब वर आले की काढायची. आत काय होतं ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. काड्या जमिनीपर्यंत वाळून जायच्या आणि मातीशी लाल डोळे शिल्लक राहायचे. पान राजाचं, वागणं प्रधानाचं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा ती कोळशाच्या ढिगावर बसून एकटीच हसली होती.

"म्हातारे, टोपी घातलीस, आता दप्तर दे आणि शाळेत पाठव," तिंगयू म्हणायचा.

"तू नाही गेलास तरी ते जाईल," पेइझेन म्हणायची.

रोप वाढलं. त्या शरदात तिनं माती बाजूला सारून बघितलं तर डोळे चांगले टपोरे झाले होते. येत्या वसंतात फूल. तिची खात्री झाली. टोपीचं गवत भिजत घातलं, आणि तेवढ्यात बोझौहून भावाचा फोन आला. पुतण्याचं लग्न. ती गेली. लग्न झालं आणि भावजय अंगणात घसरून मनगट मोडून बसली. मग पाहुण्यांची जेवणं, भांडी, सगळं पेइझेनच्या गळ्यात पडलं.

"कसं चाललंय रे?" तिनं फोनवर विचारलं.

"मस्त," तिंगयू म्हणाला. "कलमं सगळी उरकली. आणि तुझ्यासाठी एक गंमत करून ठेवलीय."

 या माणसाच्या गमती तिनं बघितल्या होत्या.

घरी आल्या आल्या तिनं पिशवी उंबऱ्यात टाकली आणि थेट स्वयंपाकघरामागं गेली. कोळशाच्या ढिगाशेजारी मातीचा नेटका उंचवटा होता आणि त्यातून नव्या कलमाचं टोक डोकावत होतं. तिंगयू मागोमाग आला. हात मागं बांधून, बक्षीस मिळायची वाट बघत.

"वेइंचा जांभळा," तो म्हणाला. "मळ्यातली सगळ्यांत चांगली डहाळी तुझ्यासाठी ठेवली."

"इथलं रोप कुठाय?"

"ते मेलं गं. तू गेलीस आणि पानं वाळली. काडी धरली तर मोडूनच आली हातात. तू एवढी जपत होतीस, म्हटलं येऊन बघेल आणि रडत बसेल. त्याआधीच जागा भरून काढली."

"उपटलंस?"

"मेलेलं ठेवून काय करायचं? पण मूळ मात्र छान होतं हां. पांढरं, मऊ, जाड. मूदानचं मूळ इतकं गुबगुबीत मी पाहिलं नव्हतं. मला मुळं कमी पडत होती, तीच कापून वापरली. या जांभळ्याखालीसुद्धा त्यातलंच एक आहे."

पेइझेन कोळशाच्या ढिगावर बसली. मग तिनं सगळं सांगितलं. खुडलेली फुलं, चहाचा डबा, कागदाच्या टोप्या, चपट्या बिया, टणक बी. तिंगयू ऐकता ऐकता हळूहळू खाली बसत गेला आणि शेवटी तिच्या पायापाशी मातीवरच बसला. काडी वाळली की झाड मेलं, हे मूदानवाल्याचं गणित. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं एवढंच की झाड मूदान नव्हतं.

"माझ्या हाताला कळलं होतं," तो म्हणाला. "ते मूळ कापताना हात म्हणाला, अरे हे मूदान नाही. पण मला कलमांची घाई."

"मुळाचं जाऊ दे. डोकं कुठं टाकलंस?"

"डोकं?"

"मुळं कापलीस त्याच्या वरचा गड्डा! डोळ्यांचा!" पेइझेनचा आवाज चढला. तिच्या माहेरी मुळं विकतात आणि डोकं परत मातीत लावतात. डोकं फेकणाऱ्याला तिकडं खुळा म्हणतात. मूदानच्या गावात डोकं म्हणजे कचरा. कलमाला लागतं ते बिनडोळ्यांचं मूळ.

तिंगयूला आठवेना. आणि आठवत नाही हे कबूल करायची हिंमतही होईना. "उकिरड्यावर असेल," तो म्हणाला. दोघांनी उकिरडा उपसला. खरकटं, राख, तुटकी चप्पल, शाओयाओची डोकी पुष्कळ, पण सगळी कुजकी, आणि पेइझेन प्रत्येक डोकं हातात घेऊन बाजूला ठेवत होती. तिच्या रोपाचं डोकं त्यात नव्हतं. कोंबड्यांच्या खुराड्यामागं बघितलं. गाडीखाली बघितलं. मग पाऊस लागला आणि पाठोपाठ थंडी.

त्या थंडीत गाओंच्या घरात भांडण झालं नाही. तेच वाईट होतं. पेइझेन नूडल्स करत होती, रोट्या वाफवत होती, विचारलं त्याला उत्तर देत होती. फक्त चिडवत नव्हती. तिंगयूनं मुद्दाम टोपी उलटी घालून बघितली. सूप पिताना आवाज करून बघितला. एकदा तर तो स्वतःच म्हणाला, "राजा कुणाच्या पायावर उभा आहे?" पेइझेननं त्याच्या वाटीत अजून थोडा रस्सा वाढला आणि ती उठून गेली. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तिलाही लागली नव्हती, पण ते तिनं त्याला कळू दिलं नाही. तिला राग त्याचा नव्हता, स्वतःचाच होता. एवढी वर्षं नवऱ्याच्या तोंडाला घाबरून गुपित राखलं आणि त्या गुपितानंच रोप खाल्लं. एका शब्दानं सांगितलं असतं तर हाच माणूस त्याच्यावर पांघरूण घालून शेजारी झोपला असता.

मळ्यातल्या झुडपांचे डोळे फुगायला लागले त्या सुमाराला शेजारचा लू ख्वान भिंतीवरून ओरडला. हा लू ख्वान एकटा माणूस, बायको गेल्यापासून बदकं पाळतो आणि त्यांच्याशीच बोलतो. माणसांशी बोलताना म्हणून त्याचा आवाज जरा मोठाच असतो.

"वहिनी! तुमच्या भिंतीला मोड आलेत!"

"कसले मोड?"

"मला काय ठाऊक! लाल आहेत! माझी बदकं चोचा मारतायत, बघायचे तर लवकर बघा!"

पेइझेननं हातातलं पीठ तसंच ठेवलं. लूच्या अंगणात, भिंतीच्या बुडाशी, विटांच्या फटीतून कोंब बाहेर आले होते. लालभडक, ओले, गुबगुबीत. ती गुडघ्यावर बसली. एक पान थोडं उलगडलं होतं. तीन बोटांचं, जाडसर. देठ मात्र मऊ, खोडाचा पत्ता नाही.

मागून तिंगयू धापा टाकत आला, आणि भिंत बघितल्याबरोबर त्यानं कपाळावर हात मारला. "बदकं!" तो म्हणाला. "याची बदकं या भोकातून आपल्याकडं यायची. कलमं चालली होती आणि एक येऊन दोरा ओढायला लागलं. मी हाताला येईल ते भोकात कोंबलं. विटा, चिखल आणि..."

"आणि डोकं," पेइझेन म्हणाली.

"म्हणजे माझ्या बदकांनी वाचवलं," लू ख्वान म्हणाला. "हे लक्षात असू द्या."

पेइझेननं पिठाचे हात तिंगयूच्या दोन्ही गालांवर ठेवले. मग जाणूनबुजून, नीट, त्याच्या नाकालाही पीठ फासलं. "खुळ्या," ती म्हणाली. "तुझ्या आळशीपणानं झाड वाचलं. नीट काम करणारा माणूस असता तर मेलंच असतं." तिंगयूनं पीठ पुसलं नाही. तो दिवसभर तसाच गावातून हिंडला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला.

वसंतात मूळ हलवता येत नाही. आणि शरदात हलवलं तर फूल पुन्हा लांबणार. म्हणून पेइझेननं ठरवलं, राहू दे तिथंच. मग लू ख्वानच्या अंगणाचा गाओंनी ताबाच घेतला म्हणा ना. तिंगयूनं बदकांसाठी जाळी लावली. बदकांना ती पटली नाही, म्हणून तो स्टूल घेऊन तिथंच बसायला लागला. लू ख्वानला सोबत मिळाली. दोघं सकाळभर चहा पीत भांडायचे आणि पेइझेन भिंतीपलीकडून दोघांना झापायची. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. शरदात काड्या वाळल्या तेव्हा टोपी तिनं बांधली आणि दोरा तिंगयूनं आवळला.

पुढच्या वसंतात कळी आली. एकच.

बेइतांगात नवं फूल आलं की वाफ्याला लाल दोरा बांधतात आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मळेवाल्याला बोलावतात. त्यानं बघायचं, काय आहे ते सांगायचं, आणि घरच्यांनी नाव सांगायचं. मूदानचा मोसम संपला होता, शाओयाओ अजून मिटलेल्या होत्या. दोघांच्या मधल्या त्या रिकाम्या दिवसांत लू ख्वानच्या अंगणात एक फूल उमललं. तो मान शू आजोबांचा, त्यांना दोघांनी धरून आणलं. अख्खं गाव मागोमाग. बदकं आधीच कोंडली होती, तरी ओरडत होती.

आजोबा बराच वेळ वाकून बघत राहिले. फूल कमळाच्या घाटाचं, पाकळ्यांची दाटी नाही. रंग सायीचा, कडांना जरदाळूची झाक, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी कुंकवाचं बोट टेकवल्यासारखा लाल डाग. मधे पिवळ्या तंतूंचा झुपका. आजोबांनी देठ चिमटीत धरला, पान चोळलं, वास घेतला.

"खोड नाही, म्हणून हा राजा नाही," ते म्हणाले. "पान राजाचं, म्हणून ही प्रधान नाही. माझा बाप म्हणायचा, हे होत नाही. माझा बाप असता तर आज मी त्याला गप्प केला असता. नाव काय?"

आता याओंनी वाढवला तो याओंचा पिवळा, वेइंचा तो वेइंचा जांभळा. रीत सगळ्यांना पाठ. कुणीतरी म्हणालं, "गाओंची साय."

"जागा माझी आहे," लू ख्वान म्हणाला. "बदकं माझी. लूंची साय."

"गप रे," तिंगयू म्हणाला आणि पुढं झाला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. घसा खाकरून तो म्हणाला, "गाओंनी हे उपटलं. नाव गाओंचं लागणार नाही. हे मेंगांचं फूल आहे. माझ्या बायकोच्या माहेरचं नाव लावा." एवढं बोलून तो रडायच्या बेतात आला आणि ते लपवायला बदकांकडं बघायला लागला.

बायकांत कुजबुज झाली. बेइतांगात सुनेच्या माहेरचं नाव कुठल्या फुलाला लागलं नव्हतं. पेइझेनला भरून आलं. इतक्या वर्षांत या माणसानं तिच्यासाठी पुष्कळ मूर्खपणा केला होता, पण गावासमोर मान पहिल्यांदाच खाली घातली होती. शेंगहिरवीसारखी. तिला त्याचा हात धरावासा वाटला, आणि तिनं धरलाही. लोक बघत होते, तर बघू देत.

"मेंगांचं नको," ती म्हणाली. "राजा-प्रधानाची सोयरीक म्हटल्यावर माझे भाऊसुद्धा हसलेच होते मला. आजोबा, मी माहेरी गेले होते. माझ्या मागं हिची पानं वाळली, तर हा म्हणाला मेली. मेली कशानं? तीही गेली होती आपल्या माणसांत. मी आले, मग सवडीनं ती आली. हिचं नाव 'माहेरी जाऊन आलेली' ठेवा."

आजोबा हसले तेव्हा त्यांचे उरलेले दोन दात दिसले. "ठेवलं," ते म्हणाले. बायकांनी एवढा गलका केला की कोंडलेली बदकं गप्प झाली.

त्या शरदात पेइझेन पुन्हा बोझौला निघाली. पुतण्याला मुलगी झाली होती. तिनं तिंगयूला काही बजावलं नाही. बजावायचं ओठांवर आलं होतं, पण बसमध्ये चढताना तिनं त्याचा चेहरा बघितला आणि गिळून टाकलं. बोझौला मात्र तिला चैन नव्हतं. पाळणा हलवता हलवता तिचं मन भिंतीपाशी जायचं. फोन करायची आणि फक्त जेवलास का एवढंच विचारायची.

परतली तेव्हा ती घरात गेलीच नाही. पिशवी खांद्याला तशीच ठेवून गल्लीतून लू ख्वानच्या फाटकाशी आली. फाटक अर्धं उघडं होतं. आत भिंतीपाशी काड्या वाळून तपकिरी झाल्या होत्या, पानं लोळत होती. तिंगयू स्टुलावर बसला होता, मांडीवर गवताची अर्धी विणलेली टोपी. समोर लू ख्वान विळा घेऊन उभा.

"अरे दादा, किती दिवस हा कचरा ठेवायचा?" लू ख्वान म्हणत होता. "वाळून पाचोळा झालाय सगळा. जरा साफ करू दे मला. बदकं त्यात अंडी लपवतायत."

"हात लावून बघ," तिंगयू म्हणाला. "मेलेली नाही ती. माहेरी गेलीय. येईल."

"कधी येईल?"

तिंगयूनं गवताचा एक पेड दुसऱ्यात घातला आणि ओढून घट्ट केला. "तिच्या मनात येईल तेव्हा," तो म्हणाला. "तोवर मी बसलोय."

पेइझेननं फाटक ढकललं आणि पिशवी खाली ठेवली.

"आलेय," ती म्हणाली.